रायपूरचे माधवराव सप्रे : चाकरी आणि लेखणी

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले, तेव्हा त्या राज्याच्या आश्रयाने छत्तीसगडात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपुढे उपजीविकेचा प्रश्न नव्याने उभा राहिला. बिंबाजी भोसल्यांच्या कारकिर्दीपासून रतनपूर, बिलासपूर, रायपूर या ठिकाणी मराठी वस्ती वाढत गेली होती. कमाविसदारी, फडणिशी, देवस्थानांची व्यवस्था अशा कामांवर ती जगत होती. इंग्रजी अंमल आल्यावर या कामांची जागा कचेरीतील कारकुनीने, पेशकारीने, तहसीलदारीने आणि कोर्टातील वकिलीने घेतली. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला आणि प्रांताला इंग्रजी शिकलेली माणसे हवी होती. ती पुरवण्यात मराठी घरे पुढे होती. मुलाने एन्ट्रन्स व्हावे, जमल्यास बी.ए. व्हावे आणि एखाद्या तहसिलीत खुर्चीवर बसावे, यापलीकडे या घरांची आकांक्षा सहसा जात नसे. तिला हसण्याचे कारण नाही. ज्यांच्याकडे जमीन नाही आणि व्यापाराची परंपरा नाही, त्यांना कचेरी हाच आधार होता.

माधवराव सप्रे हे अशाच एका घरातले. हिंदी गद्याच्या इतिहासात त्यांचे स्थान निश्चित आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मात्र त्यांचा उल्लेख क्वचितच येतो, आणि येतो तोही अनुवादक म्हणून. ज्या माणसाची मातृभाषा मराठी, ज्याची श्रद्धास्थाने रामदास आणि टिळक, त्याने सगळे आयुष्य हिंदीच्या सेवेत घालवावे, हा प्रकार दोन्ही भाषांच्या इतिहासकारांना थोडा अडचणीचा वाटत असावा. त्यांच्या आयुष्यातील पहिला आणि सर्वांत परिणामकारक निर्णय मात्र भाषेचा नव्हता, नोकरीचा होता.

माधवरावांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. वडिलांचे नाव कोंडोपंत, आईचे लक्ष्मीबाई. घरची स्थिती बेताची होती. बालपणीच कुटुंब बिलासपुरास आले आणि माधवरावांचे प्राथमिक व माध्यमिक शिक्षण तेथेच झाले. थोरले बंधू बाबूराव यांच्यावर घराचा भार होता. धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी त्यांनी खस्ता काढल्या. ही गोष्ट पुढे, १९०८ साली, फार महत्त्वाची ठरली.

१८८७ च्या सुमारास ते रायपूरच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. तेथे नंदलाल दुबे हे शिक्षक त्यांना भेटले. दुबे यांनी संस्कृत नाटकांचे हिंदी अनुवाद केले होते, आणि हिंदी हे केवळ बाजारात बोलण्याचे साधन नसून वाङ्मयाची भाषा होऊ शकते हा विश्वास त्यांनी या मराठी विद्यार्थ्याच्या मनात रुजवला. घरात मराठी, वस्तीत छत्तीसगडी, शाळेत हिंदी आणि परीक्षेसाठी इंग्रजी अशी चार भाषांची सरमिसळ रायपूर-बिलासपूरच्या मराठी मुलांना नवी नव्हती. बहुतेकांच्या बाबतीत ती व्यवहारापुरती राहिली. माधवरावांच्या बाबतीत ती आयुष्याचे काम झाली. याच शाळेत वामन बळिराम लाखे यांच्याशी त्यांची मैत्री जुळली. लाखे पुढे वकील झाले, छत्तीसगडातील सहकारी चळवळीचे अध्वर्यू म्हणून प्रसिद्धीस आले. मित्राच्या प्रत्येक खटाटोपात पैसा आणि वेळ घालण्याची तयारी त्यांनी शेवटपर्यंत ठेवली.

१८९० साली एन्ट्रन्स झाल्यावर माधवराव जबलपूरच्या रॉबर्टसन कॉलेजात गेले. प्रकृतीने साथ दिली नाही आणि शिक्षण अर्धवट राहिले. मधल्या काळात त्यांनी सार्वजनिक बांधकाम खात्याची ठेकेदारी करून पाहिली. रस्ते, पूल, इमारती यांची कामे त्या दिवसांत प्रांतभर चालू होती आणि त्यांत हात घालणारे अनेकजण गबर झाले. माधवरावांना त्यात खोट आली. हिशेब जमवणे आणि अधिकाऱ्यांची मर्जी सांभाळणे ही दोन्ही कामे त्यांच्या स्वभावात नव्हती. मग ग्वाल्हेरच्या व्हिक्टोरिया कॉलेजातून त्यांनी एफ.ए. केले आणि नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातून कलकत्ता विद्यापीठाची बी.ए. ही पदवी मिळवली. कायद्याचा अभ्यास सुरू केला आणि सोडला. वयाची अठ्ठाविशी जवळ आली होती. भावाचे पैसे खर्च झाले होते. पदवी हातात होती.

त्या काळात मध्यप्रांतात पदवीधर हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे होते. तहसीलदारीची सरकारी नोकरी माधवरावांपुढे चालून आली. ती त्यांनी घेतली नाही. चरित्रकार या प्रसंगाचे वर्णन देशभक्तीच्या एका शब्दात उरकतात. पण १८९९ साली सरकारी नोकरी नाकारणे म्हणजे असहकार नव्हता. असहकार यायला अजून वीस वर्षे होती. त्या वेळचे बहुतेक राष्ट्रीय पुढारी वकील तरी होते किंवा प्राध्यापक तरी, आणि सरकारी नोकरीत राहून वाङ्मयसेवा करणारे तर असंख्य होते. तेव्हा माधवरावांच्या नकाराचे कारण अधिक साधे आणि म्हणूनच अधिक कठीण असावे असे वाटते. दिवसा कचेरी आणि रात्री लेखन ही वाटणी त्यांना मान्य नव्हती. लेखन हा फावल्या वेळचा उद्योग न राहता पूर्ण वेळचा धंदा व्हावा, आणि तोही अशा भाषेत जिच्यात त्या काळी लेखनावर पोट भरणे जवळजवळ अशक्य होते, हा त्यांचा हट्ट होता. भारतेंदु हरिश्चंद्र घरचे धनिक होते. महावीरप्रसाद द्विवेदी यांनी झाशीची रेल्वेतील नोकरी सोडली ती आणखी काही वर्षांनी, आणि तेव्हा निदान इंडियन प्रेससारखी संपन्न संस्था त्यांच्या पाठीशी होती. माधवरावांच्या पाठीशी लाखे होते, एवढेच.

पोटापाण्याची सोय म्हणून त्यांनी पेंड्रा येथील जमीनदारांच्या राजकुमाराची शिकवणी पत्करली. दरमहा पन्नास रुपये मिळत. पेंड्रा हे बिलासपूरच्या उत्तरेस डोंगराळ मुलखातले लहानसे गाव (२०२० पासून ते गौरेला-पेंड्रा-मरवाही या नव्या जिल्ह्यात मोडते). कटनीकडे जाणारी रेल्वे नुकतीच त्या भागातून गेली होती. गावात छापखाना नव्हता, वाचनालय नव्हते, आणि हिंदी मासिकाचा ग्राहक होऊ शकेल अशी माणसेही फारशी नव्हती. येथून जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे मासिक निघाले. लाखे प्रकाशक, माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोळकर संपादक. हिंदीतील पहिल्या महत्त्वाच्या मासिकांपैकी एकाच्या मुखपृष्ठावरील तिन्ही नावे मराठी आहेत, हा योगायोग नव्हे. मराठीत निबंधमाला, केसरी, ज्ञानप्रकाश यांनी जो वाचक घडवला तो या तिघांनी पाहिला होता. तसा वाचक छत्तीसगडात हिंदीतून घडवता येईल, असा त्यांचा विश्वास होता.

त्याच जानेवारीत अलाहाबादहून ‘सरस्वती’ सुरू झाले. दोन्हींची तुलना अपरिहार्य आहे. ‘सरस्वती’ला इंडियन प्रेसचे उत्कृष्ट मुद्रण, चित्रे आणि काशीच्या नागरी प्रचारिणी सभेची मान्यता लाभली. ‘छत्तीसगढ़ मित्र’ पहिल्या वर्षी रायपूरच्या कय्यूमी प्रेसमध्ये छापले जाई. मजकूर पेंड्र्याहून जायचा आणि मुद्रिते पुन्हा तिकडे यायची. नंतर छपाई नागपूरच्या ‘देशसेवक’ छापखान्यात होऊ लागली. वर्गणी वर्षाला दीड रुपया होती. तीही वेळेवर येत नसे, आणि ग्राहकांनी पैसे पाठवावेत म्हणून संपादकांना वारंवार विनंती करावी लागे. शिकवणीच्या पन्नास रुपयांतला मोठा भाग मासिकाच्या तोट्यात जाई.

तरीही या मासिकाने एक काम असे केले की ज्याचे श्रेय अद्याप पुरते दिले गेलेले नाही. ग्रंथपरीक्षणाला त्याने हिंदीत गंभीर स्वरूप दिले. तोवर हिंदी नियतकालिकांत पुस्तकांची पोच दिली जाई, फार तर लेखकाची स्तुती होई किंवा त्याची टर उडवली जाई. माधवरावांनी पुस्तक घेऊन त्याची भाषा, त्याची रचना, त्यातील विचार आणि त्याची वाचकाला होणारी उपयुक्तता यांचा क्रमाने विचार करायला सुरुवात केली. श्रीधर पाठक यांच्यासारख्या प्रतिष्ठित कवीच्या कृतींचेही गुणदोष त्यांनी मोकळेपणाने मांडले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पद्धतीचा प्रभाव येथे सहज दिसतो. चिपळूणकरांचा उपरोध मात्र त्यांनी उचलला नाही. त्यांचे परीक्षण शांत असते. कधीकधी ते शाळामास्तराच्या शेऱ्यासारखेही वाटते. परंतु हिंदी समीक्षेला त्या वेळी उपरोधापेक्षा या शिस्तीचीच गरज होती.

डिसेंबर १९०२ मध्ये मासिक बंद पडले. तीन वर्षे ते चालले हेच नवल. संपादकाचा उत्साह आटला नव्हता, पैसे संपले होते.

याच मासिकाच्या एप्रिल १९०१ च्या अंकात ‘एक टोकरी-भर मिट्टी’ ही लहानशी कथा आली. तिचे कथानक लोककथेच्या ढंगाचे आहे. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवायचे असते आणि आड येते ती एका अनाथ विधवेची झोपडी. वकिलांचे खिसे भरून जमीनदार कोर्टातून झोपडीचा ताबा मिळवतो. म्हातारी एक दिवस टोपली घेऊन येते. तिची नात झोपडी सुटल्यापासून जेवत नाही, म्हणून त्या झोपडीतली टोपलीभर माती नेऊन तिची चूल घालायची आणि त्या चुलीवर भाकर करायची, अशी तिची मागणी असते. टोपली भरल्यावर ती जमीनदारालाच हात लावायला सांगते. त्याला ती उचलत नाही. मग ती त्याला एवढेच विचारते की एका टोपलीचे ओझे पेलत नाही, तर झोपडीत पडलेल्या हजारो टोपल्यांचे ओझे जन्मभर कसे पेलणार. जमीनदार खजील होतो आणि झोपडी परत करतो.

कथेकडे बराच काळ कोणाचे लक्ष नव्हते. १९६८ साली ‘सारिका’ मासिकातून देवीप्रसाद वर्मा यांनी ती हिंदीतील पहिली मौलिक कथा म्हणून पुढे आणली आणि वाद सुरू झाला. किशोरीलाल गोस्वामींची ‘इंदुमती’, रामचंद्र शुक्लांची ‘ग्यारह वर्ष का समय’, बंगमहिलेची ‘दुलाईवाली’ हे इतर दावेदार. पहिलेपणाचा हा वाद सगळ्याच भारतीय भाषांत चालतो आणि त्यातून हाती फारसे लागत नाही. लोककथेचा आधार असल्यामुळे सप्र्यांची कथा मौलिक म्हणावी की नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो मान्य केला तरी एक गोष्ट उरते. या कथेत राजपुत्र नाही, ऐयार नाही, योगायोगाने जुळणारे प्रेम नाही. आहे ते कोर्ट, वकील, जमिनीचा ताबा आणि चूल. ज्या तहसिलीत अशा ताब्यांची कागदपत्रे तयार होत, तेथल्या खुर्चीवर बसायला हा लेखक दोनच वर्षांपूर्वी नाही म्हणाला होता. आणि ज्या जमीनदारी मुलखात बसून तो हे लिहीत होता, तेथल्याच एका जमीनदार घराण्याच्या शिकवणीवर त्याचे घर चालत होते.

मासिक बंद पडल्यावर माधवराव नागपूरकडे वळले. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने हिंदीत शास्त्रीय परिभाषेचा कोश हाती घेतला होता, त्यातील अर्थशास्त्राच्या विभागात त्यांनी साहाय्य केले. या कामाने त्यांना एक सवय लावली, शब्दाचा नेमका अर्थ ठरवल्याशिवाय तो न वापरण्याची. नागपुरात त्यांनी हिंदी ग्रंथ प्रकाशक मंडळी स्थापन केली आणि १९०६ पासून ‘हिंदी ग्रंथमाला’ काढली. जॉन स्टुअर्ट मिलच्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथाचा द्विवेदी यांनी केलेला ‘स्वाधीनता’ हा अनुवाद या मालेतून आला. स्वदेशी आणि बहिष्कार या विषयावरची माधवरावांची स्वतःची पुस्तिकाही याच काळातली. ती पुढे सरकारने जप्त केली.

१३ एप्रिल १९०७ रोजी नागपूरहून ‘हिंदी केसरी’ सुरू झाला. सुरत काँग्रेसला काही महिने अवकाश होता, जहाल आणि मवाळ यांच्यातील दरी रुंदावत होती, आणि टिळकांचे म्हणणे उत्तरेकडील हिंदी वाचकांपर्यंत पोचवणारे पत्र नव्हते. मराठी केसरीतील लेखांचे अनुवाद, स्वतंत्र अग्रलेख आणि बातम्या असे त्याचे स्वरूप होते. ‘छत्तीसगढ़ मित्र’मधील संयत समीक्षक येथे ओळखू येत नाही. वाक्ये आखूड झाली, शब्द धारदार झाले. पत्राचा खप वाढत गेला आणि त्याबरोबर सरकारची नजरही.

१९०८ चे वर्ष टिळकांच्या गोटातील सर्वांनाच कसोटीचे गेले. मुझफ्फरपूरच्या बॉम्बप्रकरणानंतर केसरीत आलेल्या लेखांसाठी टिळकांवर खटला झाला आणि २२ जुलै रोजी त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. बरोबर एक महिन्याने, २२ ऑगस्टला, माधवरावांना राजद्रोहाच्या १२४ अ कलमाखाली नागपुरात अटक झाली. ‘देशसेवक’चे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर हेही याच लाटेत सापडले. माधवराव सुमारे तीन महिने तुरुंगात होते. मग त्यांनी सरकारकडे क्षमापत्र दिले आणि त्यांची सुटका झाली.

या घटनेभोवती बरीच सारवासारव झाली आहे. थोरले बंधू बाबूराव यांनी क्षमापत्र न दिल्यास आपण जीव देऊ असे सांगितले, आणि ज्याने आपल्याला वाढवले त्या भावापुढे माधवरावांचा निर्धार टिकला नाही, असे चरित्रकार सांगतात. हे खरे मानण्यास हरकत नाही. बाबूरावांची बाजूही समजून घेतली पाहिजे. एका भावाला शिकवण्यासाठी त्यांनी स्वतःचे आयुष्य कारकुनी काटकसरीत काढले होते. त्या भावाने तहसीलदारी नाकारली, मासिकात पैसे बुडवले, आणि आता तो राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात होता. कुटुंबातील एकाच्या त्यागाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, ही गोष्ट त्यागाच्या गौरवात हमखास विसरली जाते. दहा वर्षांपूर्वी नाकारलेल्या नोकरीचा हिशेब त्या तुरुंगाच्या दाराशी मागितला गेला, असे म्हटले तर ते चुकीचे होणार नाही.

परंतु क्षमापत्र ते क्षमापत्रच. टिळक मंडालेस असताना त्यांच्याच नावाचे पत्र चालवणाऱ्या संपादकाने माफी मागून बाहेर यावे, याचा सल कोणत्याही स्पष्टीकरणाने निघण्यासारखा नव्हता. हे इतर कोणापेक्षाही माधवरावांना अधिक कळत होते. ज्यांनी त्यांना क्षमा केली नाही त्यांच्यात पहिले नाव त्यांचेच होते. ते सभांतून दिसेनासे झाले. लोकांत तोंड दाखवण्याची आपली योग्यता नाही, असे ते मानू लागले.

वर्ध्याजवळील हनुमानगड येथे रामदासी परंपरेतील श्रीधर विष्णू परांजपे यांचा मठ होता. माधवरावांनी त्यांचा अनुग्रह घेतला आणि तेथे वर्षभराहून अधिक काळ काढला. बी.ए. झालेला, दोन पत्रांचा संपादक राहिलेला हा सदतीस वर्षांचा गृहस्थ झोळी घेऊन मधुकरी मागत असे आणि उरलेल्या वेळात दासबोध वाचत असे. या काळाला प्रायश्चित्त म्हणण्याची रीत आहे आणि ती योग्यच आहे. मात्र याला निवृत्ती म्हणता येणार नाही. रामदासांचा ग्रंथ माणसाला संसारातून उठवून लावत नाही. प्रपंच नेटका करण्याची, सावध राहण्याची, यत्न न सोडण्याची शिकवण त्याच्या वीस दशकांत आणि दोनशे समासांत पुनःपुन्हा येते. एका समासात तर अक्षर कसे काढावे, शाई कशी असावी, ओळी कशा राखाव्या, याचेच निरूपण आहे. लेखणीवर जगू पाहणाऱ्या आणि लेखणीनेच तोंडघशी पडलेल्या माणसाच्या हाती हा ग्रंथ पडावा, हे उचित झाले.

मठातून परत आल्यावर माधवराव रायपूरला राहिले. आता रायपूर हेच त्यांचे गाव झाले. त्यांनी दासबोधाचे हिंदी रूपांतर केले. ओवी टाकून गद्य घेतले. त्यामुळे रामदासांच्या ओवीतील ठेका गेला, एकाच क्रियापदाचा वारंवार आघात करण्याची त्यांची लकब गेली, आणि ठिकठिकाणी आढळणारे रांगडे मराठी शब्द हिंदीच्या तत्सम वळणात निवळले. हे नुकसान खरे आहे. पण रामदासांचा युक्तिवाद, एका समासातून दुसऱ्यात जाणारी विचारांची साखळी, गद्यात अधिक स्पष्ट झाली. हिंदी वाचकाला रामदास तोवर केवळ शिवाजीचे गुरू म्हणून ऐकून माहीत होते. ग्रंथकार रामदास त्यांना येथे भेटले.

टिळकांनी ‘गीतारहस्य’ १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लिहिले. ते जून १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याच्या हिंदी अनुवादाचे काम टिळकांनी माधवरावांवर सोपवले. क्षमापत्राचा विषय या दोघांत कधी निघाला की नाही हा प्रश्न येथे गौण आहे. आठ वर्षांपूर्वी ज्याने तुरुंग सोडला त्याच्या हाती टिळकांनी तुरुंगात लिहिलेला ग्रंथ दिला, एवढे पुरेसे बोलके आहे. अनुवाद १९१६ साली तयार झाला. इतक्या मोठ्या ग्रंथाचे, मीमांसा, वेदान्त आणि पाश्चात्त्य नीतिशास्त्र यांच्या परिभाषेने भरलेल्या गद्याचे, भाषांतर इतक्या थोड्या अवधीत होणे हे परिभाषाकोशाच्या कामात मुरलेल्या माणसालाच शक्य होते.

मराठीतून हिंदीत अनुवाद करणे वरवर सोपे वाटते. लिपी एक, तत्सम शब्दांचा साठा एक, वाक्यरचनाही बरीच सारखी. धोका नेमका येथेच असतो. मराठीत जो संस्कृत शब्द एका अर्थाने रूढ आहे तो हिंदीत दुसऱ्या अर्थाने चालतो किंवा चालतच नाही, आणि अनुवादकाच्या ते लक्षातही येत नाही. माधवरावांच्या हिंदीत मराठी वळणे अधूनमधून राहिली आहेत. हिंदी पंडितांनी ती दाखवूनही दिली आहेत. परंतु टिळकांचे लांबलचक, पोटवाक्यांनी भरलेले वाक्य त्यांनी जेथे तोडले आहे तेथे ते योग्य जागी तोडले आहे, आणि जेथे तसेच ठेवले आहे तेथे त्यातील तर्क सांडलेला नाही. गीतारहस्याचा हिंदी अनुवाद पिढ्यान्‌पिढ्या छापला जात राहिला. उत्तर भारतातील असंख्य वाचकांना टिळक या अनुवादातूनच कळले, आणि त्यांतील बहुतेकांना अनुवादकाचे नाव ठाऊक नसते. चिंतामणराव वैद्य यांच्या महाभारतावरील मराठी उपसंहाराचे ‘महाभारत मीमांसा’ हे हिंदी रूप १९२० मध्ये आले, तेही माधवरावांचेच.

स्वतःच्या नावाने लिहिण्याचे ते या काळात पुष्कळदा टाळत. ‘माधवदास रामदासी’ अशा टोपणनावाने त्यांचे निबंध येत. पदही ते टाळत. १९१६ साली जबलपूरला हिंदी साहित्य संमेलनाचे सातवे अधिवेशन भरले, तेव्हा शिक्षणाचे माध्यम देशी भाषा असाव्यात, या ठरावामागे ते होते. ठरावात केवळ हिंदीचा आग्रह नव्हता हे लक्षात घेतले पाहिजे. मराठी घरात वाढलेल्या आणि हिंदीत लिहिणाऱ्या माणसाला एका देशी भाषेचा हक्क दुसरीच्या हक्कापासून वेगळा काढता येत नव्हता.

रायपुरात त्यांनी रामदासी मठ स्थापला, जानकीदेवी महिला पाठशाळा काढली. मुलींना शाळेत पाठवण्यास शहर सहजासहजी तयार नव्हते. असहकाराच्या लाटेत १९२१ साली राष्ट्रीय विद्यालय निघाले, त्यातही लाखे आणि ते बरोबर होते. सरकारने दिलेली रायसाहेब ही पदवी लाख्यांनी तोवर परत केली होती.

नवी माणसे हेरणे हे माधवरावांचे या काळातील खरे काम म्हणावे लागेल. खांडव्याचे शाळामास्तर माखनलाल चतुर्वेदी यांनी १९१३ मध्ये ‘प्रभा’च्या संपादनासाठी मास्तरकी सोडली होती. जबलपूरहून राष्ट्रीय पत्र काढायचे ठरले तेव्हा विष्णुदत्त शुक्ल आणि माधवराव यांनी संपादक म्हणून त्यांना आणले. १७ जानेवारी १९२० रोजी ‘कर्मवीर’ निघाला. माधवराव स्वतः संपादक होऊ शकले असते. वय, अनुभव, अधिकार सर्व त्यांच्याकडे होते. ते झाले नाहीत. सेठ गोविंददास आणि द्वारकाप्रसाद मिश्र यांच्यासारखे तरुणही त्यांच्या सहवासात आले आणि मध्यप्रांताच्या पुढच्या राजकारणात मोठे झाले. या पुढाऱ्यांना घडवणारा माणूस स्वतः मात्र व्यासपीठाच्या पायरीशी थांबत असे. १९०८ नंतर ही त्यांची सवयच झाली होती.

नोव्हेंबर १९२४ मध्ये देहरादून येथे भरलेल्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मात्र त्यांना स्वीकारावे लागले. हिंदी ज्यांची मातृभाषा नाही अशा लेखकाला हा मान मिळाला, आणि कोणाला त्यात काही खटकले नाही. प्रकृती तोवर ढासळलेली होती. कॉलेजात ज्या आजाराने पहिल्यांदा गाठले तेव्हापासून ती कधी धड नव्हतीच. पेन्शन नव्हती, मिळकत नव्हती. नाकारलेल्या नोकरीत ते राहिले असते तर याच सुमारास मोठ्या पगारावरून निवृत्त झाले असते.

२३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातील तात्यापाऱ्यात, जुन्या मराठी वस्तीत, त्यांचे निधन झाले. तेव्हा ते पंचावन्नाव्या वर्षात होते. थोड्याच काळापूर्वी बंद पडलेला ‘कर्मवीर’ माखनलालांनी पुन्हा सुरू केला होता, आणि तो आता खांडव्याहून दर आठवड्याला निघत होता.